कापसातली काच

माझ्या धाकट्या बहिणीला श्वास लागला की तो घरात सगळ्यांच्या आधी मला ऐकू यायचा. यात माझं काही कौतुक नाही. ती माझ्याजवळ निजायची, माझ्या ताटात जेवायची, माझ्या परकराचा घोळ धरून विहिरीवर यायची. मला नाही ऐकू येणार तर कुणाला? आधी नुसतं खाकरल्यासारखं व्हायचं. मग बारीक शिट्टी. चुलीत ओलं लाकूड घातलं की त्याच्या टोकातून निघते तशी. आता माझ्या घरी चूल नाही, नातवंडं मला फटकळ म्हातारी म्हणतात आणि टरकून असतात, पण कुणी शेकोटीत ओलं लाकूड टाकलं की मी अजून उठून आत जाते.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या अलीकडचं. जमीन काळी, कापसाची. बाबा फार मोठे शेतकरी नव्हते आणि अगदी लहानही नव्हते. घरचे बैल, घरची दमणी म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी, आणि भाव चढेपर्यंत कापूस थांबवून धरण्याइतकी ऐपत. हा कापूस ठेवायचा घरातच. दिवाळीच्या सुमाराला वेचणी सुरू झाली की मधल्या खोलीतलं सामान बाहेर निघायचं आणि तिथे कापूस भरायचा, पार आढ्याला टेकेपर्यंत. पहिलं गाठोडं दारात आलं की माय त्याला हळदकुंकू वाहायची. लक्ष्मी आली म्हणायचं. मग होळीपर्यंत आम्ही लक्ष्मीच्या पोटात राहायचो. आम्ही पोरं ढिगावरून उड्या मारायचो, थंडीत त्यात भोक पाडून निजायचो. जेवताना वरणात कापूस, वेणीत कापूस. आमच्याकडून गेलेल्या पाहुण्याची पाठ बघून लोक सांगायचे, हा कुणाच्या घरून आला ते.

त्या खोलीचा नियम एकच होता. तिथे दिवा न्यायचा नाही, बिडी ओढायची नाही, निखारा घेऊन दारावरूनसुद्धा जायचं नाही. बाबा तसे शांत माणूस, पण या बाबतीत त्यांचा हात उठायचा.

बहीण तेव्हा सहाएक वर्षांची होती, मी अकरा-बाराची. तिचा दमा थंडीत यायचा, म्हणून सगळे त्याला थंडीचा दमा म्हणायचे. थंडीचा दमा म्हटल्यावर उपाय उघड होता. घरात सगळ्यात उबेची, वारा न लागणारी, मऊ जागा कुठली? बाबा तिला उचलून कापसाच्या खोलीत न्यायचे, ढिगात हाताने खड्डा करायचे आणि तिला त्यात टेकवून बसवायचे. मानेमागे कापूस, पाठीमागे कापूस, पायांवर कापूस.

"बस माय, ऊब लागन," लाडाने तिला म्हणायचे.

ती खांदे वर उचलून, दोन्ही हात मांड्यांवर रोवून बसायची. गळ्याखालची खळगी आत आत जायची. बोलता यायचं नाही, म्हणून डोळ्यांनी मला शोधायची. मी समोर बसायचे आणि तिच्याबरोबर श्वास घ्यायचे, जणू माझ्या घेण्याने तिचं भरणार होतं.

औषध म्हणजे धोतरा. गावात दम्याला तेच देत. वाळलेली पानं चुरून निखाऱ्यांवर टाकायची आणि तो धूर छातीत ओढायचा. पण निखारे आले म्हणजे कापसाजवळ चालायचं नाही. म्हणून बाबा तिला उचलून मागच्या अंगणात आणायचे. तिथे खापरात निखारे, त्यावर पानं, आणि आमच्या दोघींवर घोंगडं. एकटी ती आत बसायची नाही, म्हणून मला बसवायचे. कडू, घसा सोलणारा धूर. माझ्या तोंडाला कोरड पडायची, डोळे चुरचुरायचे. पण काही वेळाने तिची शिट्टी खाली उतरायची, खांदे सैल व्हायचे. सगळे म्हणायचे, पानांनी काम केलं. मग वारा लागू नये म्हणून बाबा तिला पुन्हा उचलायचे आणि पुन्हा कापसात नेऊन ठेवायचे.

दिवेलागणीपर्यंत पुन्हा शिट्टी.

यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही, हे आज सांगितलं तर लोक हसतात. हसणारे त्या घरात राहिले नव्हते. सल्ला द्यायला मात्र गाव लोटायचं. कुणी म्हणे पानं जुनी आहेत, कुणी म्हणे कमी पडतात. एका संध्याकाळी माय इतकी घाबरलेली होती की तिने ओंजळभर पानं एकदम टाकली. घोंगड्यात आम्हाला एकमेकींचं तोंड दिसेना. मी खोकत बाहेर पडले. बहिणीला मात्र मायने बाहेरून धरून ठेवलं होतं.

शिट्टी थांबली. पण बाहेर आलेली पोरगी आमची नव्हती. चेहरा लालबुंद, अंग तापलेलं, डोळ्यांतली काळी बाहुली एवढी मोठी की पांढरं उरलंच नव्हतं. ती मायकडे बघून म्हणाली, "ही कोन होय?" मग हवेत हात घालून काहीतरी तोडायला लागली. एक इकडून, एक तिकडून, आणि ओटीत टाकायची. मला कळलं ती काय करत होती. शेतात बायका करतात तेच. ती हवेतला कापूस वेचत होती. मायने कपाळ बडवून घेतलं.

उजाडता उजाडता बाबांनी दमणी जुंपली. खामगावचा रस्ता मला अजून आठवतो तो फक्त तिच्या हातांमुळे. हात वेचतच होते, पण हळूहळू. वाटेत कापसाच्या गाड्या मिळत गेल्या, बाजाराला निघालेल्या, आणि प्रत्येक गाडी आमच्या दमणीवर धुरळा आणि कापूस उडवत गेली.

डॉक्टर तरुण होते, नागपूरला शिकलेले. त्यांनी आधी सुई टोचली, मग धोतऱ्याची हकीकत ऐकली, आणि बाबांना इतकं बोलले की माझ्या बाबांना कुणी असं बोलू शकतं हे मला तेव्हाच समजलं. बोलून झाल्यावर त्यांनी कपाटातून एक खोकं काढलं. त्यात काचेचं एक यंत्र होतं. मुठीएवढं काचेचं पोट, त्याला पुढे बारीक चोच, मागे रबरी नळी आणि फुगा. पोटात औषधाचे थेंब टाकायचे आणि फुगा दाबायचा. चोचीतून औषधाचं धुकं निघतं, ते छातीत ओढायचं. धूर नाही, निखारा नाही. कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठसाठी ते मुंबईहून मागवलं होतं, पण यंत्र पोचायच्या आत शेठच गेला, असं डॉक्टर म्हणाले. एवढं सांगायची काही गरज नव्हती.

"मेल्या मानसाचं हाये थे?" मायने विचारलं.

"त्यांनी हात पण लावला नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या मुलीचंच समजा."

फुगा दाबणार कोण, हा प्रश्न निघाला. बाबांनी दाबून पाहिला. त्यांचा नांगराचा हात, फुगा एकदा चेपला की सुटेचना. माय हातच लावेना. शेवटी डॉक्टरांनी तो माझ्या हातात दिला.

"ती श्वास आत घेते तेव्हाच दाबायचं. बाहेर सोडते तेव्हा दाबलंस तर औषध वाया. फुग्याकडे बघू नकोस, तिच्या छातीकडे बघ."

मला ते शिकावंच लागलं नाही. तिच्याबरोबर श्वास घ्यायची सवय मला आधीपासूनच होती.

त्यांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. औषध पाण्यासारखं दिसलं पाहिजे. उन्हाने, उजेडाने ते गुलाबी होतं. गुलाबी झालं की एक थेंबही द्यायचा नाही, फेकायचं. आणि चोचीच्या भोकात सुई घालायची नाही. भोकाची कड उडाली की यंत्र संपलं, आणि दुसरं यायला किती महिने लागतील ते त्यांनाही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर औषधाची कुपी मायने काळ्या फडक्यात गुंडाळून रांजणाखालच्या ओल्या वाळूत रोवली. राहिलं यंत्र. काच ती, घरात पोरंटोरं, कोनाड्यातून मांजर उड्या मारणार. बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "काचेले कापसापरीस बरी जागा कोनती?" कापसाच्या ढिगात माझ्या हाताला येईल अशा उंचीवर त्यांनी खोबण केली आणि यंत्र आत ठेवून वरून कापूस दाबला. आम्हाला सगळ्यांनाच ती युक्ती फार आवडली. कापूसवाल्याच्या घरात काच आणखी कुठे ठेवणार?

मग माझे भीतीचे दिवस सुरू झाले. आतापर्यंत मी नुसती बघायला होते; आता हात माझा होता. सकाळी तोंड धुण्याआधी मी रांजणाखालची कुपी काढायचे आणि फडक्याच्या आडून बघायचे. पाण्यासारखं, देवा, पाण्यासारखंच असू दे. एकदा मायच्या लुगड्याची झाक पडून ते गुलाबी दिसलं आणि मी ते फेकायलाच निघाले होते. हात पिळून पिळून दुखायचे, कारण निजतानासुद्धा मी मूठ उघडमीट करायचे. यंत्र काम करायचं, हे खरं. धुकं आत गेलं की थोड्या वेळात तिचे ओठ पुन्हा ओठांसारखे दिसायचे. पण श्वास लागणं काही कमी होईना. उलट पूर्वी आठवड्यातून एकदा लागायचा, तो आता दोन दिवसांआड लागायला लागला. माय म्हणायची, मेल्याची नजर हाये त्या काचेवर.

संक्रांत होऊन गेली होती. बाबा भाव विचारायला एका गाडीवाल्याबरोबर खामगावला गेले होते, माय शेतात तुरी सोंगायला. दुपारची वेळ. मी परसात भांडी घासत होते आणि बहीण कापसाच्या खोलीत भातुकली मांडून बसली होती. हातातल्या राखेसकट मी थबकले. शिट्टी ऐकू आली होती. आत जाईपर्यंत ती बंद पडली.

बंद पडली म्हणजे बरं वाटलं असं मला क्षणभर वाटलं. मग मी तिला बघितलं. छाती वरखाली होत होती, पण आवाजच नव्हता. आत काही जातच नव्हतं तर आवाज कशाचा येणार? ओठ निळे. नखं निळी. तिने माझा हात धरला नाही, डोळ्यांनी मला शोधलंही नाही. ती कुठेच बघत नव्हती.

मी रांजणाकडे धावले. औषध पाण्यासारखंच होतं. खोबणीतून यंत्र ओढलं, थेंब टाकले, चोच तिच्या तोंडात दिली आणि फुगा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. फुगा चेपत होता, फुसफुसत होता, पण धुकं येईना. मी जीव खाऊन दाबत सुटले. शेवटी चोच उजेडाकडे धरून पाहिली. भोकात एक तंतू बसला होता. कापसाचा. केसाइतका.

कोनाड्यात सुई होती. हात तिच्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. भोकाची कड उडाली की यंत्र संपलं. शेजारी हाक मारायला जावं, तर मी परत येईपर्यंत हिचं काय? मी रडत होते, आणि रडता रडता काचेची चोच मी माझ्याच तोंडात घातली आणि शोषली. आधी औषध आलं. माझं काळीज छातीतून बाहेर पडतंय की काय असं धडधडायला लागलं. आणि मग जिभेवर ते काहीतरी आलं, बारीक, ओलं.

यंत्र तिच्या तोंडात दिलं. दाबलं. धुकं आलं.

तिला ओठ मिटता येत नव्हते. मी एका हाताने हनुवटी धरली आणि दुसऱ्याने दाबत राहिले. तिच्या छातीकडे बघ, छातीकडे बघ. जरा हलली की दाब. "घे वो माय, घे," मी म्हणत होते. किती वेळ गेला मला माहीत नाही. आणि मग शिट्टी आली. ज्या शिट्टीने मी वर्षानुवर्षं थरथरले, ती ऐकून मी पहिल्यांदा देवाचे उपकार मानले.

तोंडातला तंतू काढायला मी जिभेवर बोट फिरवलं, आणि तेव्हा माझी नजर वर गेली. छपराच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप तिच्या तोंडासमोर पडली होती. त्या तिरपेत कापूसच कापूस होता. एरवी तो हवेत नुसता असायचा. आता ती श्वास ओढायची तेव्हा ते सगळे तंतू वळायचे आणि तिच्या तोंडाकडे जायचे.

मी तिला बखोटीला धरून ओढत अंगणात आणलं. लाडाने उचलण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. दमणीच्या चाकाला टेकवून बसवली आणि पुन्हा दाबत राहिले. माय शेतातून आली तेव्हा बहिणीचा पहिला शब्द ऐकायला मिळाला. मला ती बाई म्हणायची. "बाई, पानी," ती म्हणाली.

मी मायला सगळं सांगितलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "लक्ष्मीले बोल लावू नको. तिच्यावरच खाऊन राह्यलो आपन." बाबा आले, त्यांनीही आधी ऐकून घेतलं नाही. मग मी यंत्र त्यांच्या हातात दिलं. रबरी फुग्याला मागे हवा ओढायचं एक भोक असतं. त्या भोकाला कापसाची पांढरी दाढी आली होती. बाबांनी ते ढिगाजवळ धरून एकदा फुगा दाबून सोडला. आणखी थोडा कापूस जाऊन चिकटला. ते तिथेच ढिगाला टेकून बसले, आणि पुढच्या क्षणी कुणी चटका दिल्यासारखे उठले.

सकाळी दारात गाड्या लागल्या. भाव चढता होता. शेजारीपाजारी विचारायला आले, काऊन हो, येड लागलं का? बाबा गाठोडी उचलत राहिले. माय उंबऱ्यात उभी राहून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाठोड्याला कुंकू लावत होती आणि रडत होती. त्यानंतर आमचा कापूस शेतातून थेट बाजारात गेला. बहिणीचा दमा पुरता गेला असं नाही. वर्षातून दोन-तीनदा यायचा, कुठल्यातरी लग्नाला, कुणाच्या तरी घरी. यंत्र बाहेर निघायचं, मी दाबायचे.

मग माझं लग्न झालं. दाबायला मी नव्हते तरी तिचं निभावलं, कारण माय शेवटी शिकली होती. आणि मग तिचं लग्न ठरलं, चिखलीकडच्या घरात. मोठे शेतकरी. म्हणजे दिवाळी ते होळी घरात काय असणार ते मला विचारायची गरज नव्हती. मी माहेरी आले तेव्हा यंत्र तिच्या पेटीच्या तळाशी नव्या लुगड्यांत गुंडाळून ठेवलेलं सापडलं.

"त्याइले सांगितलं का?" मी विचारलं.

"थंडीत जराशी खोकते म्हनून सांगितलं," माय म्हणाली. "सारं सांगितलं तर कोन करीन?"

"आन दाबन कोन?"

मी बहिणीकडे पाहिलं. हळद लागलेली, सोळा वर्षांची, खाली मान घालून बसलेली. ती हळूच म्हणाली, "बाई, मी आपल्या हातानं दाबून पाह्यलं. श्वास लागला असला म्हंजे हातात जीवच नाही राहात."

ते ऐकलं आणि पुन्हा मला ती निळी नखं दिसली. सांगावं तर लग्न मोडेल, दारातून वरात परत जाईल, बाबा तोंड दाखवू शकणार नाहीत. न सांगावं तर पहिल्याच थंडीत कुठल्यातरी अनोळखी घरात, कापसाच्या ढिगाशेजारी, यंत्र पेटीच्या तळाशी आणि किल्ली सासूच्या कमरेला. पण मी आकडसासू, नवरीची मोठी बहीण. मुहूर्ताआधी जानोशाला, म्हणजे वऱ्हाडाच्या उताऱ्यावर, नवरदेवासाठी रुखवत न्यायचं असतं. ताट मी उचललं. वरच्या रुमालाखाली लाडवांशेजारी यंत्र ठेवलं.

जानोशात नवरदेव मित्रांच्या घोळक्यात बसला होता. त्या काळी रुखवतात नवरदेवाची फजिती करायची रीत होती. करंजीत कापूस भरायचा, लाडवात मिरची. मी रुमाल काढला आणि काच बघून सगळे खो खो हसले. तोही हसला. "हे काय खायाचं होय का, आकडसासूबाई?"

मी हसले नाही. ताट मी त्याच्यापुढे ठेवलं. "हे तिच्या श्वासाचं हाये," मी म्हटलं. "तिले दमा हाये. कोनी सांगितलं नाही तुमाले. मी सांगून राह्यली."

त्याचं हसू गेलं. तो काचेकडे बघत राहिला, आणि मी त्याच्या तोंडाकडे. बाहेर सनई वाजत होती. तिच्या छातीकडे बघत मी फुगा दाबला होता, तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

"तुमी बाहेर व्हा बे जरासे," तो मित्रांना म्हणाला.

ते गेल्यावर त्याने विचारलं, "कशानं लागते?"

"कापसानं."

त्याने मान खाली घातली. "आमच्या घरात तर..." तो म्हणाला आणि थांबला. "आमचा बुढा बाप आयकन का नाही, सांगता येत नाही."

त्याने हात पुढे केला. "हे कसं दाबायचं थे दाखवा."

मी फुगा त्याच्या मुठीत दिला आणि त्याच्यासमोर बसून श्वास घेऊ लागले, तोकडा, खांदे उचलून, तिच्यासारखा. त्याने मी सोडताना दाबला. "उलटं," मी म्हटलं. पुन्हा चुकला. "फुग्याकडे पाहू नका. माह्या श्वासाकडे पाहा." पुन्हा. आणि मग त्याचा हात माझ्या श्वासाबरोबर आला, एकदा, मग दर वेळी. मी मुद्दाम अडखळून पाहिलं. तोही थांबला.

यंत्र त्याच्याकडेच ठेवून मी मांडवात आले. भटजी घाई करत होते, माय पांढरीफटक पडून माझी वाट बघत होती. मी तिला म्हटलं, "धरा आता अंतरपाट."